जागा राखून ठेवा

बालमित्रांनो,

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांचा गठ्ठा उघडला नि पहिलंच पत्र हाती आलं ते सहावीतल्या एका मैत्रिणीचं. वहीच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं. ती लिहिते, "बाई, शाळेच्या १५०० मीटर शर्यतीत मी सगळ्यांत शेवटी आले. मी पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरची दोरीसुद्धा गुंडाळून ठेवली होती. मुली हसल्या. आता पुन्हा पळायचंच नाही असं मी ठरवलंय. बरोबर केलं ना?"

या प्रश्नाचं उत्तर पोस्टकार्डावर मावणारं नव्हतं. म्हणून आजचं हे पान तिच्यासाठी. तुम्ही सगळे शेजारी बसून ऐका.

मी साताऱ्याला राहते. गावाच्या डोक्यावर अजिंक्यतारा, नि पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. त्या डोंगराचा वळणावळणाचा घाट चढून रस्ता कासच्या पठाराकडे जातो. याच घाटात २०१२ साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. हाफ म्हणजे तिच्या निम्मी, २१ किलोमीटरला थोडी जास्तच. तीही डोंगरात! आमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या नि दहाव्या आल्या. जगात दहाव्या, बरं का!

पण आज मी ललिताताईंबद्दल सांगणार नाही. आज सांगायचंय ते हौशी पळणाऱ्यांबद्दल. ज्यांना पदक मिळणार नाही, ज्यांचं नाव पेपरात येणार नाही, नि तरीही जे पहाटे साडेपाचला उठून पळतात, अशा लोकांबद्दल. त्यांतलीच मी एक.

माझा नि पळण्याचा संबंध पूर्वी एवढाच, की शाळेची घंटा झाली की वर्गाकडे पळायचं! तेहतिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या, "चला की आमच्याबरोबर सकाळी." या काकू घरी शिवणकाम करतात. त्यांच्या गटात एक निवृत्त पोस्टमन काका, बँकेत नोकरी करणारा एक दादा, भाजीचा गाळा असलेल्या एक मावशी, असे सातआठ जण. मी नवे बूट घालून ऐटीत गेले.

पहिल्या दिवशी काय झालं असेल? मी सुसाट सुटले. सगळ्यांच्या पुढे! दोन मिनिटांत विजेच्या खांबाला धरून उभी. तोंडातून शब्द फुटेना. मागून पोस्टमन काका आरामात आले नि म्हणाले, "बाई, दमानं घ्या. दोन खांब चाला, एक खांब पळा. आणि पळताना माझ्याशी बोलत राहा. बोलता येईना झालं, की समजायचं वेग जास्त झाला."

किती सोपी युक्ती! घड्याळ नको, यंत्र नको. सरावाचं पळणं बोलता येईल इतपतच जोरात करायचं. काका रोज मला पत्रं वाटण्याच्या गोष्टी सांगायचे नि मी त्यांना आमच्या वर्गातल्या गमती. त्या गप्पांत दोन खांबांचं चालणं एका खांबावर आलं. मग एकाही खांबाचं नाही! तीन महिन्यांत मी न थांबता ५ किलोमीटर पळाले. त्या दिवशी मावशींनी गाळ्यावरची दोन संत्री माझ्या हातात ठेवली. बक्षीस समारंभच की!

आणि इथंच माझी चूक झाली. ५ किलोमीटर जमले, मग ८ का नाही? १० का नाही? गट आठवड्यातून तीन दिवस पळायचा. मी कुणाला न सांगता उरलेल्या दिवशीही पळू लागले. दोन आठवड्यांत अंतर जवळजवळ दुप्पट. मग एका सकाळी उजव्या नडगीत अशी कळ आली, की मी रस्त्याच्या कडेला खालीच बसले.

डॉक्टरांनी तपासलं नि सांगितलं, "हाडावर ताण आलाय. सहा आठवडे पळायचं नाही." मी म्हटलं, "पण डॉक्टर, मला तर दमही लागत नव्हता!" ते हसले. म्हणाले, "तिथंच माणूस फसतं. हृदय नि फुफ्फुसं लवकर तयार होतात. हाडं नि स्नायूबंध सावकाश तयार होतात. दम लागत नाही म्हणून पाय तयार झाले असं नाही." म्हणून जाणते पळणारे अंतर थोडं थोडंच वाढवतात. या आठवड्यात मैदानाच्या १० फेऱ्या मारल्यात, तर पुढच्या आठवड्यात ११. एकदम २० नाहीत.

मुलांनो, खरं सांगू? पाय दुखण्यापेक्षा मला लाज जास्त वाटत होती. चोरून पळाले नि पडले! मी गटाकडे फिरकलेच नाही. सकाळी जाग यायची, खिडकीतून त्यांचे आवाज ऐकू यायचे, नि मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. चौथ्या दिवशी काकू थेट दारात. हातात टेप, गळ्यात चष्मा. म्हणाल्या, "पळता येत नाही, तर रविवारी घाटाखाली पाणी घेऊन थांबा. वेळ टिपायला माणूस नाही आम्हाला. आणि सहा आठवड्यांनी दोन खांब चाला, एक खांब पळा, तिथून पुन्हा चालू. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय."

मग काय, रविवारी मी पाण्याची कळशी, पेला नि वही घेऊन घाटाच्या पायथ्याशी! त्याच दिवशी चहा पिताना बँकेतल्या दादानं एक गोष्ट सांगितली. ती तुम्हांलाही सांगते.

इंग्लंडमध्ये पॉल सिंटन-हेविट नावाचा एक गृहस्थ. तोही हौशी पळणारा. २००४ साली त्याची नोकरी गेलेली, त्यात सराव करताना दुखापत झालेली. पळणं बंद. पळणं बंद म्हणजे बरोबरीच्या मित्रांची भेटही बंद! त्यानं काय करावं? त्यानं मित्रांना लंडनच्या बुशी पार्क नावाच्या बागेत बोलावलं नि म्हणाला, तुम्ही ५ किलोमीटर पळा, मी वेळ टिपतो. पैसे नाहीत, बक्षीस नाही. दिवस होता शनिवार, २ ऑक्टोबर २००४. तारीख ओळखीची वाटली ना? हो, गांधी जयंती! पळायला आले १३ जण नि मदतीला ५. कोण कितवा आला ते कळावं म्हणून हार्डवेअरच्या दुकानातल्या वॉशरवर, म्हणजे धातूच्या चकत्यांवर आकडे उमटवले होते.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा जमले. त्याच्या पुढच्याही. आज या उपक्रमाला 'पार्करन' म्हणतात, नि तो वीसहून अधिक देशांत चालतो. पण मला सगळ्यांत आवडली ती पुढं सुरू झालेली एक पद्धत. तिथं मदतनिसांपैकी एक जण मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत येतो. तो कुणाच्या पुढे जायचाच नाही. त्यामुळे शेवटचा नंबर नेहमी त्याचा! पळायला आलेला कुणीही शेवटचा येत नाही. आणि तो पोचेपर्यंत शेवटच्या रेषेवरची माणसं हलत नाहीत.

ही गोष्ट ऐकली नि माझ्या घशाशी चहा अडकला. का, ते सांगते. ही माझी कबुली आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दर वर्षी क्रीडास्पर्धा असतात. वर्गातल्या हळू पळणाऱ्या मुलांचं मी काय करायची, माहीत आहे? त्यांना चपला सांभाळायला बसवायची. "तू इथं बस हं, सगळ्यांच्या चपलांवर लक्ष ठेव." मला वाटायचं, बरंच झालं, बिचाऱ्यांवर कुणी हसणार नाही. वर्षानुवर्षं मी हे केलं. कुणी तक्रारही केली नाही.

तुम्ही विचाराल, "बाई, काकूंनीही तुम्हांला पाण्याच्या कळशीपाशीच बसवलं की! मग फरक काय?" चांगला प्रश्न आहे. मीही त्यावर खूप विचार केला. काकूंनी मला काम दिलं, पण माझी पळायची जागा राखून ठेवली होती. परत कधी यायचं, ती तारीखसुद्धा लिहून ठेवली होती. मी मात्र मुलांना काम दिलं नि त्यांची जागाच काढून घेतली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी होकार दिला. दोन खांब चाला, एक खांब पळा! पुढच्या वर्षी मी घाटातली ती हाफ मॅरेथॉन पळाले. माझा नंबर विचारू नका. मागून मोजायला लागलात तर लवकर सापडेल! पोस्टमन काका माझ्या अर्धा तास आधी सहज पोचले असते, पण ते सगळा चढ माझ्याबरोबर आले. "आलंच, आलंच" असं खोटं ते एकदाही म्हणाले नाहीत. तीन वळणं राहिली असतील तर म्हणायचे, "अजून तीन वळणं. या वळणावर चालू, पुढच्यावर पळू." खरं अंतर कळलं की पाय ते मान्य करतात, हे मला तेव्हा समजलं. आणि मागं एकदा सरावाच्या सकाळी माझी नडगी पुन्हा कुरकुरली होती, तेव्हा हेच काका म्हणाले होते, "आज नको. घरी चला." पुढं ढकलणारे पुष्कळ भेटतात. थांब म्हणणाराही लागतो.

त्यानंतर मी शाळेत एक बदल केला. आता शनिवारी मैदानावर फेऱ्या असतात तेव्हा सगळ्यांच्या मागून मी पळते. चपला एका रांगेत ठेवतो, त्या स्वतःच स्वतःला सांभाळतात! शेवटचं मूल रेषेवर येईपर्यंत कुणी पाणी प्यायला जात नाही. तिसरीतली एक मुलगी आधी अर्धी फेरी करायची, आता तीन करते. दोन फेऱ्या पळत, एक चालत.

सगळंच छान झालं असं मात्र नाही. चौथीतला एक मुलगा अजूनही पळायला येत नाही. म्हणतो, "बाई, मी चपलाच सांभाळतो." हे त्याला मीच शिकवलं ना! एका दिवसात कसं पुसलं जाईल? दर शनिवारी मी त्याला विचारते. तो मान हलवून नाही म्हणतो. मी म्हणते, "बरं, पुढच्या शनिवारी विचारीन." मागच्या शनिवारी तो निदान रेषेपर्यंत येऊन उभा राहिला.

तर पेन्सिलीनं पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, तू विचारतेस, बरोबर केलं ना? तू १५०० मीटर पूर्ण पळालीस. मध्येच बाजूला झाली असतीस तर कुणाला कळलंही नसतं. तू नाही झालीस. चूक झाली ती दोरी गुंडाळणाऱ्या मोठ्या माणसांची. ती चूक मीही केलीय, म्हणून त्यांच्या वतीनं मीच तुला सॉरी म्हणते. पळायचं की नाही ते तू ठरव. पण ठरवण्याआधी एक मैत्रीण शोध, जिच्याशी बोलत बोलत पळता येईल. दोन खांब चाला, एक खांब पळा. महिन्याभरानं मला पुन्हा पत्र लिही.

करून पाहा

या आठवड्यात मैदानावर एका मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर दहा मिनिटं पळा. अट एकच, दोघांतल्या हळू पळणाऱ्याच्या वेगानं पळायचं, नि गप्पा थांबू द्यायच्या नाहीत. आधी पाच मिनिटं चालून अंग मोकळं करा. एकाच जागी सारखं दुखत असेल तर थांबा नि घरी सांगा, माझ्यासारखं लपवू नका. पहाटे रस्त्यावर पळायचं असेल तर मोठं माणूस बरोबर हवंच.

आईबाबांसाठी

स्पर्धेहून मूल घरी आलं की आपला पहिला प्रश्न असतो, "कितवा नंबर आला?" या वेळी विचारून पाहा, "तुझ्याबरोबर कोण पळत होतं?" आणि शाळेच्या मैदानावर गेलात, तर आपलं मूल पोचल्यावर लगेच निघू नका. शेवटचं मूल येईपर्यंत थांबा. टाळ्या त्यालाही ऐकू जाऊ देत.

तुमची,
बाई