खाऱ्या पाण्यातले शैवाल आणि फुगलेला जनुकसंच

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ‘ड्युनालिएला’ या शैवालाचे नाव चर्चेत आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि हा रंग ‘हॅलोआर्किया’ या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. नुसत्या रंगावरून जीव ओळखता येत नाही, हे त्यातून दिसले.

ड्युनालिएलाही कमी चिवट नाही. समुद्राच्या कित्येक पट खारट पाण्यात, मिठागरांत ते वाढते. त्याच्या पेशीला कडक भित्तिका नसते. बाहेर मीठ वाढले की पेशी आत ग्लिसरॉल तयार करते आणि पाणी बाहेर ओढले जाण्यापासून वाचते. प्रतिकूल परिस्थितीत त्यात बीटा कॅरोटीन साठते. त्यासाठीच ऑस्ट्रेलिया, इस्रायलमध्ये त्याची व्यावसायिक लागवड होते.

मग मीठ सोसण्याचे रहस्य पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, म्हणजे तंतुकणिकेत आहे का? पश्चिम ऑस्ट्रेलियातील हट लगूनमधून मिळालेल्या ‘ड्युनालिएला सलिना’च्या तंतुकणिकेचा जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे २८ हजार ३०० बेसजोड्यांचा आहे. गोड्या पाण्यात व मातीत आढळणाऱ्या ‘क्लॅमिडोमोनास’ या त्याच्या नातेवाइकाचा संच जेमतेम १५ हजार ८०० बेसजोड्यांचा. मात्र श्वसनसाखळीतील प्रथिनांची जनुके दोघांतही सातच!

म्हणजे आकार वाढला तो नव्या क्षमतेमुळे नव्हे. ड्युनालिएलाच्या संचाचा निम्म्याहून अधिक भाग कोणत्याही प्रथिनाचा संकेत देत नाही. जनुकांच्या मधोमध घुसलेले ‘इंट्रॉन’ आणि दोन जनुकांमधील रिकामा मजकूर यांनी तो फुगला आहे. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरितलवकाचा संचही असाच फुगलेला आहे. असा निरुपयोगी मजकूर का साचतो, याचे एक स्पष्टीकरण असे, की जिथे उत्परिवर्तनाचा दर कमी असतो, तिथे जादा डीएनए बाळगण्याचा धोकाही कमी असतो.

खारवट जमिनीत तगणारी पिके घडवू पाहणाऱ्यांसाठी यातला बोध सरळ आहे. ग्लिसरॉल बनवणाऱ्या यंत्रणेची जनुके केंद्रकात आहेत, शोध तिथे घ्यायला हवा. तंतुकणिकेचा उपयोग वेगळा आहे. इंट्रॉनची संख्या आणि जागा जवळच्या नातेवाइकांतही बदलतात. त्यामुळे टाकीत वाढते आहे ते शैवाल नेमके कोणते, हे पडताळायला या खुणा कामी येऊ शकतात.