तलाव भरला, पुढे काय?

पावसाळ्यात एका सकाळी मुंबई महापालिकेचे पत्रक येते : पवई तलाव भरून वाहू लागला. पत्रकातले आकडे वर्षानुवर्षे तेच. बांधकाम १८९० मध्ये पूर्ण, तेव्हाचा खर्च सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, तुडुंब भरल्यावर पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर, साठा सुमारे ५४५ कोटी लीटर. हे पाणी पिण्याजोगे नाही, अशी एक ओळही ठरलेली. दुपारपर्यंत सांडव्याचे व्हिडिओ घरोघर पोहोचतात, संध्याकाळी काठावर भाजलेली कणसे खपतात आणि मग तलाव शहराच्या डोक्यातून जातो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत. मध्ये आठवण होते ती जलपर्णी माजली किंवा मगर दिसली तरच.

या तलावाला बाराही महिने ओळखणारी माणसे मूठभर आहेत. मगरींचे अभ्यासक, पक्षी पाहणारे आणि गळ टाकून बसणारे. पवईच्या काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था कित्येक दशके आहे. तिचे सभासद काठीला रीळ लावून तासन्‌तास पाण्याकडे बघत बसतात, आणि त्यांच्याकडे येणारे-जाणारे ज्या नजरेने बघतात ती काही कौतुकाची नसते. रिकामटेकडेपणाचा छंद, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यातून धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा असेल तर मग बोलायलाच नको. ही गोष्ट कोणत्याही कोळीवाड्यात सांगून पाहावी. ऐकणारी बाई आधी हसेल आणि मग सांगणाऱ्याच्या घरची चौकशी करील. पण तलाव राखायचा कसा, हा प्रश्न मनापासून विचारायचा असेल तर या रिकामटेकड्यांपाशी बसावे लागेल. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. त्या निमित्ताने हे बसणे व्हावे.

दिवसाचे कारण थोडक्यात असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या मोठ्या कार्प माशांचे बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. पावसाळ्यात नदीला पूर यावा, पाणी काठ ओलांडून पसरावे, तेव्हा ते अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, वजनदार होतात, मादीच्या पोटात अंडीही तयार होतात, पण घातली जात नाहीत. म्हणून १९५७ पूर्वी देशभरातल्या तलावांसाठी नद्यांमधून बीज गोळा करावे लागे, आणि त्यात कोणकोणत्या जातींची भेसळ आहे हे पिल्ले मोठी झाल्यावर कळे. अंगुलच्या प्रयोगाने हे परावलंबन संपवले. आज आपल्या जिल्ह्याजिल्ह्यातल्या केंद्रांवर पावसाळ्यात मत्स्यजिरे तयार होतात, त्यांची बोटुकली होते आणि प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून ती गावोगावच्या तळ्यांवर जाते.

याचा पवईशी संबंध सरळ आहे. ज्या तलावातल्या रोहूंची संख्या आपोआप वाढत नाही, तिथे किती धरायचे आणि किती सोडायचे याचा हिशेब कोणालातरी ठेवावाच लागतो. बोटुकली बोटाएवढी असेल तरच टिकते. त्याहून लहान सोडली तर ती ढोकरी, पाणकावळे आणि तलावातल्या मांसाहारी माशांची न्याहारी. पिशवी आणली आणि पाण्यात ओतली असेही चालत नाही. ती आधी बांधलेल्या तोंडानिशी तलावात पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवतात, आतले-बाहेरचे तापमान एक होऊ देतात, मग तोंड उघडून तलावाचे पाणी थोडेथोडे आत घेतात. पिल्ले आपणहून बाहेर पडली पाहिजेत. घाई केली की झटका बसतो आणि दुसऱ्या दिवशी काठाला चंदेरी खच दिसतो.

कोणते बीज सोडायचे हे माशांच्या तोंडावरून ठरते. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेले, कारण तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला, तो तळ धुंडाळतो. तिघे एकाच पाण्यात एकमेकांच्या ताटात हात न घालता जगतात. गळवाल्यालाही हीच समज लागते. पेंड आणि मैद्याचा गोळा कोणत्या खोलीवर लोंबकळत ठेवायचा, हे समोरच्या माशाचे तोंड पाहिल्याशिवाय कळत नाही. या सगळ्यात १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया मिसळला की गणित बिघडते. त्याला ना पूर लागतो ना इंजेक्शन. तो साठलेल्या पाण्यातच पुन:पुन्हा वितो, मादी पिल्ले तोंडात सांभाळते, आणि काही वर्षांत तळहाताएवढ्या माशांनी पाणी भरते. अशा तलावात रोहू सोडून देणे शहाणपणाचे असेल, पण तिलापिया सोडून देणे हा भाबडेपणा आहे. तो घरी नेऊन खाल्लेलाच बरा.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाणी गार होते, कार्प मंदावतात, मगरी उन्हाला येतात, गळवाले गप्पा मारतात. तलावाची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असते, आणि ती पहाटे असते. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लीटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. पाणी उतरलेले, उथळ भाग तापलेले, त्यात सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेले हिरवे शेवाळ. दिवसा हेच शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढून घेते. त्यामुळे सूर्य उगवण्याच्या आधीचा तास सर्वांत वाईट. तेव्हा काठावर उभे राहिले तर माशांची तोंडे पृष्ठभागाशी आलेली दिसतात, गोल, उघडी, हवा गिळणारी. सकाळी आठ वाजता पाण्याचा नमुना घ्यायला येणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. तोपर्यंत ऊन पडलेले असते, शेवाळाने पुन्हा प्राणवायू सोडायला सुरुवात केलेली असते, आणि आकडा ठीकठाक येतो. त्यातून वळवाचा एखादा जोरदार पाऊस नेमका या दिवसांत झाला, की तळाचे प्राणवायूहीन पाणी वर ढवळले जाते, नाल्यांतली चार महिन्यांची घाण एकदम आत येते, आणि मेलेले मासे तरंगू लागतात. मग विषप्रयोग झाल्याची कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा विष वगैरे काही नसते. श्वास कोंडलेला असतो.

जलपर्णीचेही तेच. यंत्र लावून ती काढल्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आणि काही महिन्यांत ती पुन्हा हजर. तिचे पोट सांडपाण्यावर भरते. ते येत राहील तोवर ती काढणे म्हणजे कंत्राटदाराची कायमची सोय. नाले वळवणे हे खर्चाचे, कंटाळवाणे, छायाचित्रात न मावणारे काम आहे, आणि तलावासाठी करण्यासारखे पहिले कामही तेच आहे. पवईच्या काठाने महापालिकेने सायकल ट्रॅक बांधायला घेतला होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरवले आणि घातलेला भराव काढायला सांगितले. तलावासाठी काहीतरी करायचे म्हटले की आपल्या यंत्रणेला आधी काठ सुचतो, पाणी सुचत नाही, हे त्या प्रकरणात पुरेसे उघड झाले.

गळवाल्यांची बाजू मांडताना त्यांच्या पंथाचा एक मोठा अपराधही सांगितला पाहिजे. दख्खनचा महसीर हा आपला मासा. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून लोक आजही ज्यांना खायला घालतात, तेही महसीरच. धरणांमुळे तो कमी होऊ लागला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावावर १९७०च्या दशकात त्याचे प्रजनन सुरू केले. काम मोलाचे होते, यात शंका नाही. पण इथले बीज पुढे गळवाल्यांच्या हौसेखातर कावेरीतही सोडले गेले, आणि कावेरीत आधीच एक महसीर होता : पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसिरांपैकी एक. पाहुणा वाढला, घरचा आटला. त्या कुबडवाल्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला २०१८ साल उजाडले, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. सोडलेले बीज परत काढता येत नाही.

पण हे कळले कशामुळे, तेही ऐकण्यासारखे आहे. कावेरीकाठच्या गलीबोरे येथील गळ-शिबिरात १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या आणि सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. दिवस, जात, वजन, इतकेच. संशोधकांनी त्या वह्या मांडल्या तेव्हा दिसले, की कुबडवाल्या महसिराची संख्या घटत होती आणि सापडणाऱ्याचे सरासरी वजन मात्र वाढत होते. हौशी माणूस वजन पाहून खूश होईल. जाणकाराच्या छातीत धस्स होईल, कारण त्याचा अर्थ म्हातारे उरले आहेत आणि नवी पिढी येतच नाही. ही माहिती कोणत्याही सरकारी खात्याकडे नव्हती. ती हौशी मंडळींच्या वहीत होती.

पवईसाठी आमचे मागणे त्या वहीइतकेच साधे आहे. महापालिकेने पहाटे सूर्योदयापूर्वी प्राणवायू मोजावा, निदान मार्च ते जून, आणि आकडे त्याच दिवशी जाहीर करावेत. पाण्याचा गढूळपणा पाहायला वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती आणि गाठी मारलेली दोरी पुरते. चकती कितव्या गाठीला दिसेनाशी झाली ते लिहायचे, काठावरच्या शाळेतली मुलेसुद्धा हे काम करतील. अँगलिंग असोसिएशनने आपल्या सभासदांच्या नोंदी, ज्या असतील त्या, अभ्यासकांना खुल्या कराव्यात आणि पुढे प्रत्येक सभासदाकडून जात, वजन आणि वेळ लिहून घ्यावी. रिकाम्या हाताने परतलेला दिवसही लिहावा, कारण तलावाबद्दल तोही काही सांगतो. वर्षाला किती बीज सोडले, कोणते, कुठून आणले, हे फलकावर लावावे. बाहेरची नवी जात, मग ती कितीही देखणी लढत देणारी असो, तलावात येऊ देऊ नये. पाण्याला सांडवा आहे आणि सांडव्याखाली मिठी नदी आहे. घरच्या टाकीतले मासे कंटाळा आल्यावर तलावात सोडणाऱ्या भाविक-अभाविक नागरिकांनाही हे लागू आहे.

सरकारी अधिकारी या सूचनांवर म्हणतील की हौशी लोकांच्या नोंदी शास्त्रीय नसतात. गलीबोरेच्या वह्यांवर शास्त्रीय शोधनिबंध उभा राहिला, हे त्यांना दाखवावे. क्लबातली जुनी मंडळी म्हणतील की जागा सांगितल्या तर गर्दी होईल. मासा धरलेली जागा लिहू नका, वजन लिहा. आणि वाचकहो, सांडव्याचा व्हिडिओ काढायला तुम्ही जाणारच आहात, तर येत्या मे महिन्यातही एकदा जा, पहाटे साडेपाचला. माशांची तोंडे पाण्यावर आलेली दिसली तर त्याचाही व्हिडिओ काढा, तारीख-वेळ घाला, आणि तो वॉर्ड ऑफिसला पाठवा.