वसंताची सक्ती

दिवाळीचा फराळ पुढ्यात असताना वसंताची गोष्ट काढणे म्हणजे लग्नघरात बारशाची बोलणी करण्यासारखे आहे. पण इलाज नाही. परवा एक विद्यार्थिनी चकल्यांचा डबा घेऊन घरी आली, आणि मला गेला फाल्गुन आठवला.

त्या दिवशी मी वर्गात वसंतवर्णन शिकवीत होतो. आंब्याचा मोहोर दिसला की मराठीच्या प्राध्यापकाला चेव येतोच. ही मुलगी मात्र शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेली. मी म्हटले, "अगं, तिकडे पन्हाळ्याच्या वाटेवर पळस पेटलाय, आणि तुझा चेहरा आषाढातल्या आभाळासारखा का?"

वर्ग हसला. ती हसली नाही. तास संपल्यावर दाराशी येऊन म्हणाली, "सर, पळस फुलला की परीक्षा आली, एवढंच मला कळतं. महिना झाला, धड झोप नाही. त्यात जो तो म्हणतो, हवा किती छान पडलीय!"

त्या 'त्यात' या शब्दाने मी निरुत्तर झालो. पावसाळ्यात माणूस उदास बसला तर त्याला कोणी हटकीत नाही. चैत्रात बसला तर तो जणू गुन्हाच!

स्टॉकहोमला डिसेंबरातला दिवस जेमतेम सहा तासांचा. अशा काळोख्या हिवाळ्यात येणाऱ्या उदासीनतेचे शास्त्रीय वर्णन १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तिथे वसंताचे ऊन हे औषधच. आमच्या कोल्हापुरात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत फरक अवघा दोनेक तासांचा. आमचा वसंत काळोख घालवीत नाही; घाम आणि परीक्षा तेवढ्या आणतो. आणि तिकडे तरी तो सर्वांना कुठे तारतो? हिवाळ्यापेक्षा वसंत-उन्हाळ्यातच युरोपात आत्महत्या अधिक होतात, हे द्युरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ सालीच दाखवून दिले होते.

कालिदासाने तर ही व्यथा त्याच्याही कितीतरी आधी ओळखली होती. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत वसंतोत्सवच बंद करतो. राजाला उत्सव बंद करता येतो. शेवटच्या बाकावरच्या मुलीला येत नाही. हा अंक मी कितीदा तरी वाचला होता. समजला मात्र त्या दिवशी, वर्गाच्या दाराशी.

मी तिची क्षमा मागितली. तिच्या आईशी बोललो. आईने तिला डॉक्टरांकडे नेले. पुढे ती परीक्षेलाही बसली.

पाडव्याला आपण कडुनिंबाची पाने तोंडात टाकतो. ज्याने कुणी ही रीत घातली, त्याला माणसाचे मन ठाऊक असले पाहिजे. वसंताचा पहिला घास कडू असू शकतो, हे त्याने आधीच मान्य करून टाकले. तेव्हा वाचकहो, येत्या चैत्रात घरात कुणी गप्प बसलेले दिसले, तर त्याला हवेचे कौतुक सांगू नका. नुसते शेजारी जाऊन बसा, आणि झोप किती लागते ते विचारा.

डबा ठेवून निघताना ती म्हणाली, "सर, आता झोप लागते. पण पळस काही अजून आवडत नाही."

मी म्हटले, "नाही आवडला तरी चालेल. चकल्या छान झाल्यात."

या वेळी मात्र ती हसली.