भोंगा झाला, पण सूत आलं का?

दोस्तांनो, आज एका भांडणाची गोष्ट. भांडण झालं लालबागच्या एका चाळीत आणि ते लावलं कुणी? चक्क संगणकानं!

त्या चाळीतली सातवीतली एक मुलगी जवळच्या वाचनालयातून पुस्तकं आणते. एके दिवशी सकाळी तिच्या बाबांच्या मोबाइलवर निरोप आला, ‘पुस्तक परत आलेलं नाही. दंड भरावा.’ बाबा संतापले. ती म्हणाली, “बाबा, मी काल संध्याकाळीच दिलंय!” बाबा म्हणाले, “संगणक कशाला खोटं बोलेल?” झालं! पोरगी रडवेली होऊन शाळेत गेली.

दुपारी ग्रंथपाल बाईंनी पाहिलं, तर पुस्तक कपाटात! असे चुकीचे निरोप आणखी बऱ्याच घरी गेले होते. बाईंनी मला बोलावलं.

तिथं रोज रात्री तीन कामं आपोआप होतात, बरं का. १ वाजता दिवसभरात परत आलेल्या पुस्तकांची नोंद मुख्य यादीत चढते. २ वाजता कुणाचं पुस्तक राहिलंय ते शोधलं जातं. ३ वाजता निरोप जातात. ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या अशा प्रोग्रॅमला जॉब शेड्यूलर म्हणतात. तिथं होता ‘क्रॉन’. हा १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाला आणि आजही जगभर वापरतात. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच खाने भरले की झालं!

त्या रात्री पहिलं काम मध्येच अडकलं. पण घड्याळात दोन वाजले आणि दुसरं काम निमूटपणे सुरू झालं. त्याला कालचीच जुनी यादी मिळाली!

हे सगळं मी चाळीतल्या एका आजोबांना सांगितलं. १९८२च्या संपापर्यंत ते गिरणीत होते. ते हसले. म्हणाले, “अरे, भोंगा झाला की पाळी सुरू व्हायची. पण सूतच आलं नाही, तर मागावर विणणार काय? भोंगा वेळ सांगतो, सूत आलं का ते नाही सांगत!”

बघा, संगणकाचं अख्खं शास्त्र आजोबांनी दोन वाक्यांत सांगितलं! क्रॉन म्हणजे भोंगा. आता सूत आलं का हे विचारणारेही प्रोग्रॅम आहेत. ‘एअरफ्लो’ हा त्यांतलाच एक. घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीत २०१४ साली त्याची सुरुवात झाली. कोणतं काम कशानंतर करायचं याची साखळी त्याला सांगून ठेवायची. आधीचं काम नीट पार पडलं, तरच तो पुढचं सुरू करतो. अडलं तर पुन्हा प्रयत्न करतो, नाहीतर माणसाला कळवतो.

मोठ्या ठिकाणी हे फार महत्त्वाचं. आपल्या दलाल स्ट्रीटवरच्या शेअर बाजाराचंच घ्या. दुपारी नेहमीचे व्यवहार थांबतात. दिवसाचे शेवटचे भाव हाती येण्याआधीच कुणी हिशेब सुरू केला, तर आजच्या कागदावर कालचे भाव उतरतील!

मग वाचनालयानं एअरफ्लो घ्यावा का? बाईंनी आणि मी चार प्रश्न लिहिले. एक, कामं एकमेकांवर अवलंबून आहेत का? दोन, काम अडलं तर कुणाला कळेल? तीन, तेच काम चुकून दोनदा चाललं, तर दंड दुप्पट तर होणार नाही ना? चार, हा प्रोग्रॅम रोज सांभाळणार कोण?

चौथ्या प्रश्नाशी आम्ही अडलो. एअरफ्लो फुकट मिळतो, पण त्याची देखभाल करायला जाणकार माणूस लागतो. तीन कामांसाठी एवढा खटाटोप? म्हणून क्रॉनच ठेवला. फक्त तिन्ही कामं एकाच साखळीत ओवली. आता १ वाजता पहिलं सुरू होतं, ते यशस्वी झालं तरच दुसरं, मग तिसरं. मध्ये अडलं, तर निरोप पालकांना नाही, बाईंना जातो. आणि दंड लावण्याआधी ‘आज लावलाय का?’ हे तपासलं जातं.

बाईंनी त्या मुलीच्या बाबांना स्वतः फोन करून चूक सांगितली. संध्याकाळी बाबा लेकीला घेऊन वाचनालयात आले आणि तिला नवं पुस्तक निवडू दिलं. आईबाबांनो, संगणक खोटं बोलत नाही, पण अर्धवट माहितीवर ठामपणे बोलतो. म्हणून आधी मुलांचं ऐका!

आता तुमच्यासाठी काम. शाळेच्या दिवशी सकाळी घरात होणारी दहा कामं लिहा. कोणती घड्याळावर होतात आणि कोणती आधीचं काम झाल्यावरच, ते ओळखा. दप्तर भरण्याआधी वेळापत्रक पाहावं लागतं, हो ना? बाणांनी साखळी जोडा आणि आईला दाखवा. बघा, ती आणखी चार बाण तरी नक्की काढेल!