ध चा मा आणि बाणाचं टोक

कविता होतात तशा पाडल्याही जातात. आकृत्यांचंही तसंच आहे. कोडच्या चार ओळी खरडायच्या, एक आज्ञा द्यायची, की चौकोन आणि बाण पडद्यावर हजर. मग ते चित्र तसंच्या तसं अहवालात नाहीतर प्रबंधात डकवायचं. बाणाच्या टोकाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: "अहो, टोक काय बघत बसलात, आशय बघा!"

माझं भांडण नेमकं ह्या वाक्याशी आहे. कारण टोक हाच आशय असतो. रेघ एवढंच सांगते की ह्याचा त्याच्याशी काहीतरी संबंध आहे. कसला, ते टोक सांगतं. वाक्यात जी जागा क्रियापदाची, आकृतीत ती टोकाची.

पटत नाही? जीवशास्त्रातलं उदाहरण घ्या. तिथे साधा बाण म्हणजे 'चालना देतो', आणि बाणाऐवजी आडवी दांडी असेल तर 'रोखतो'. ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइमला रोखतं, म्हणून तर वेदना कमी होते. आता हे ग्राफविझमध्ये काढा. टोकाबद्दल काहीच सांगितलं नाहीत, तर दिशा असलेल्या रेघेला आपोआप भरीव त्रिकोण लागतो. झालं! तुमच्या आकृतीतलं ॲस्पिरिन त्या एन्झाइमला चालना द्यायला लागलं. 'ॲरोहेड'पुढे 'टी' एवढंच लिहायचं होतं. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, तेव्हा 'धरावे'चं 'मारावे' केलं गेलं अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे निदान कुणीतरी हेतूने ध चा मा केला म्हणतात. इथे तो निव्वळ आळसाने होतो.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हसू नये. यूएमएलमध्ये रेघेच्या टोकाला पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असतो. तो भरीव असेल तर अर्थ असा, की अख्खी वस्तू गेली की तिचे भागही गेले. पोकळ असेल तर भाग स्वतंत्रपणे जगू शकतात. प्लांटयूएमएलमध्ये ह्या दोन अर्थांत फरक फक्त एका चिन्हाचा: फुली की 'ओ'. विभाग आणि प्राध्यापक ह्यांच्यामध्ये तुम्ही भरीव चौकट ठोकून दिलीत, तर विभाग पुसला की प्राध्यापकांच्या नोंदीही पुसणारा कोड कुणीतरी इमानदारीत लिहील. आणि त्याची चूक नसेल.

आता रेघ जिथे संपते तिथलं बघा. एसव्हीजीमध्ये रेघेची टोकं तीन प्रकारची: सपाट छाटलेली, गोल आणि चौकोनी. गोल आणि चौकोनी टोकं रेघेच्या निम्म्या जाडीइतकी पुढे सरकतात, आणि तुटक रेघेत प्रत्येक तुकड्याला ती दोन्हीकडून लागतात. म्हणजे रेघ ४ पिक्सेल जाड, मधली फट ४ पिक्सेल आणि टोकं चौकोनी असतील, तर फट उरली शून्य! तुटक रेघ सलग झाली. आणि 'तुटक'लाही अर्थ असतो हो. यूएमएलमध्ये ती अवलंबित्व दाखवते. शिवाय, बाणाचं टोक मुळात रेघेच्या जाडीच्या पटीत मोजलं जातं. एखादी रेघ महत्त्वाची म्हणून चौपट जाड केलीत की टोकही चौपट, शेजारची अक्षरं गिळायला मोकळं. रेघ लाल केलीत तरी टोक आपण होऊन लाल होत नाही, ते वेगळं सांगावं लागतं.

"एवढा वेळ कुणाला आहे?" हा पुढचा बचाव. ह्याचा मला खरंच राग येतो. हाताने आकृती काढणाऱ्या ड्राफ्ट्समनने हे म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, कारण चाळीस बाण चुकले तर त्याला चाळीस वेळा खोडावं लागे. तुम्हाला एक ओळ बदलायची असते! टिक्झमध्ये २०१३च्या तिसऱ्या आवृत्तीपासून बाणांसाठी स्वतंत्र लायब्ररी आहे. टोकाची लांबी, रुंदी, भरीव की पोकळ, सगळं वरती एकदा ठरवा, खाली शंभर बाण ऐकतील. कोडमधून आकृती काढण्याचा हाच तर फायदा. तो सोडून द्यायचा आणि वर कोडचंच कारण पुढे करायचं, ह्याला काय म्हणावं?

आणि उलट्या टोकाची मंडळीही आहेत. त्यांना नवीन लायब्ररी सापडली की एकाच चित्रात पाच तऱ्हांचे बाण. का? तर छान दिसतात! वाचणारा बिचारा पाचही टोकांचे अर्थ शोधत बसतो, आणि अर्थ एकच असतो. आळशी माणूस दोन अर्थांना एक टोक देतो, हौशी माणूस एका अर्थाला पाच. नुकसान वाचणाऱ्याचंच.

माझा आग्रह साधा आहे. एका अर्थाला एक टोक, आणि कोपऱ्यात चार ओळींची खूणसूची. ती लिहायला बसलात आणि एखाद्या टोकापुढे काय लिहावं हे सुचलंच नाही, तर समजा की तो बाण काढताना तुम्हाला काही म्हणायचंच नव्हतं. मग तो पुसून टाका.