भाषण झाले, प्रश्न कुणी विचारायचा?

परिषद झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात तीन गोष्टी येतात: व्यासपीठावर कोण होते, गर्दी किती होती आणि कोण कुणावर घसरले. आता मोबाईलही आला. भाषणातला टाळीचा तुकडा रात्रीत गावोगाव पोचतो. पण त्या टाळीने उसाच्या बिलात एक रुपया तरी वाढतो का?

आमचे म्हणणे सरळ आहे. वृत्तांत लिहिणाऱ्या आपल्या पोरांनी भाषण उतरवून थांबू नये. वक्ता खाली उतरला की त्याला बाजूला बसवावे, चहा द्यावा आणि प्रश्न विचारावेत.

वक्ता गर्जतो, अमुक दर मिळाल्याशिवाय उसाला कोयता लागू देणार नाही. ठीक आहे. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. मग विचारा: तुमचा दर तोडणी-वाहतूक धरून की वजा जाता? उतारा कोणत्या हंगामाचा? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज द्यावे लागते. ते वसूल कसे करणार? आणि वक्ता स्वतःच कारखान्याचा संचालक असेल, तर त्याच्या कारखान्याने आजवर किती व्याज दिले, हेही विचारा.

पाण्याचेही तेच. १९९३ मध्ये आटपाडीत पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी मागितले. त्याच चळवळीतून समान पाणीवाटपाची मागणी आली. जमीन नसलेल्या कुटुंबालाही पाणी मिळावे, ही. आज टेंभूवर बोलणाऱ्या प्रत्येकाला विचारले पाहिजे: पाणी आले म्हणता, ते कुणाच्या रानात आले? शेवटच्या गावाची पाळी कधी?

काही कार्यकर्ते म्हणतात, वक्ता आपलाच. त्याला आडवेतिडवे विचारले तर विरोधकांचे फावते. आम्हाला हे पटत नाही. शेतकऱ्याच्या साध्या प्रश्नाने ज्याला घाम फुटतो, तो मंत्र्यासमोर काय टिकणार?

शिवाय प्रश्न विचारला की भाषणात न आलेले बाहेर येते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेने इंग्रजांची पगाराची गाडी अडवली. लोक त्याला लूट म्हणतात. कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड यांनी नव्वदी ओलांडल्यावर पी. साईनाथ यांना बजावले की ती लूट नव्हे. इंग्रजांनी जनतेचे चोरलेले पैसे आम्ही परत आणले. पत्रकार घरी जाऊन बसला, म्हणून हे नोंदले गेले. भाऊ २०२२ मध्ये गेले, नागनाथअण्णा २०१२ मध्ये. आता कुणाला विचारणार?

म्हणून चार नियम पाळावेत. तारीख आणि ठिकाण लिहावे. उत्तर लिहून झाल्यावर वक्त्याला वाचून दाखवावे. तेच प्रश्न मंडपात मागे बसलेल्या माउलीलाही विचारावेत. आणि पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन त्याच वक्त्यापुढे उभे राहावे.

सातारा-सांगलीच्या येत्या जिल्हा बैठकांत प्रत्येक तालुक्याने यासाठी दोन पोरे आणि दोन पोरी निवडाव्यात. हारतुरे कमी झाले तरी चालतील. वही आणि पेन मात्र विसरू नका.