आधी शब्द समजू द्या, मग बेरीज

सातवीत ‘बैजिक राशी’ आली की मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण ५क्ष + २०० चं उत्तर २०५क्ष लिहून मोकळी होतात. माझ्या मते याचं मूळ शब्द न समजण्यात आहे.

रावेरची केळी घ्या. क्विंटलचा भाव क्ष रुपये. ५ क्विंटलचे ५क्ष, वर ठरलेली हमाली २०० रुपये. भाव रोज बदलतो, म्हणून क्ष हे चल. ५ हा त्याचा सहगुणक. ५क्ष आणि २०० ही दोन पदं. २०० मध्ये चल नाही, म्हणून ते स्थिर पद. भाव कळल्याशिवाय ही विजातीय पदं एकत्र कशी होतील? फक्त ‘क्ष म्हणजे केळी’ असं सांगू नका. क्ष म्हणजे भावाची संख्या.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात वेगवेगळ्या अज्ञात संख्यांना काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं आहेत, म्हणजे सरमिसळ होत नाही. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, हे चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख सांगतो. त्याच खानदेशातल्या मुलांनी हे शब्द नुसते पाठ करायचे का? आज घरी बाजाराचा हिशोब करताना एवढंच विचारा, ‘यातलं उद्या काय बदलेल?’